एक किलो मीठ, पन्नास दिवस

अँटॉप हिलवरून पूर्वेला खाडीच्या अंगानं निघालं की वडाळ्याच्या मिठागरांची सपाट जमीन लागते. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात मुंबईतले मोठे छापे या मिठागरांवर पडले. १ जूनला सुमारे पंधरा हजार माणसं पोलिसांचं कडं तोडून चिखल तुडवत आत शिरली. त्यांत कडेवर लेकरं घेतलेल्या बायकाही होत्या. गरिबाच्या ताटातल्या चिमूटभर मिठावर सरकारचा कर नको, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्याला आता शंभर वर्षं होत आली. आज त्याच भागातल्या वाण्याकडे मिठाइतकी स्वस्त वस्तू क्वचितच दुसरी सापडेल, आणि त्याच भागातल्या बायकांचा रक्तदाब आणि त्यांची मूत्रपिंडं त्या स्वस्ताईची किंमत मोजत आहेत. एकटं मीठ दोषी नाही. बसून केलेलं काम, अपुरी झोप, बाळंतपणात वाढलेलं आणि नंतर विसरलं गेलेलं बीपी, गुडघ्यासाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी, लांबचं शौचालय, असं सगळं त्यात मिसळलेलं आहे. पण मिठापासून सुरुवात केली तर बाकीचं नीट दिसू लागतं.

अँटॉप हिल म्हणजे एक वस्ती नाही. सीजीएस कॉलनीत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्स आहेत, झाडं आहेत, चालायला रस्ते आहेत. तिथली नोकरदार बाई सकाळी जीटीबी नगर किंवा वडाळा रोडहून हार्बरची लोकल पकडते, दिवसभर खुर्चीत बसते आणि संध्याकाळी घरी येऊन थेट ओट्याशी उभी राहते. कोकरी आगार, संगम नगर, बंगालीपुरा या बाजूला गेलं की गल्ल्या सुरू होतात. तिथं नगावर पैसे देणारं काम घरात येतं, बाई तासन्‌तास जमिनीवर मान घालून ते करते आणि मध्येच उठून पाणी भरते. तिसरी तऱ्हा पुनर्वसनाच्या उंच इमारतींची. तिथं नळ घरात आला, शौचालय घरात आलं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. ती किरकोळ मानणाऱ्यानं कधी रात्री दोन वाजता सार्वजनिक शौचालयापर्यंत चालून पाहावं. मात्र लिफ्टमुळे चढउतार थांबली, दारं बंद झाली, ओट्यावर बसून होणाऱ्या गप्पा गेल्या.

शौचालयाचा मुद्दा रक्तदाबाच्या लेखात कशाला, असं कुणी विचारील. गल्लीतल्या कितीतरी बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. रात्री बाहेर जायला नको म्हणून. कमी पाणी आणि दाबून धरलेली लघवी यांतून जंतुसंसर्ग होतो. तो मूत्राशयापुरता राहिला तर औषधानं बरा होतो, पण वर चढून पुन्हापुन्हा मूत्रपिंडाला गाठू लागला तर डाग ठेवून जातो. दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. रक्तदाबावरच्या स्वस्त आणि चांगल्या औषधांपैकी एक लघवी वाढवणारं असतं. शौचालय लांब असलेली बाई ती गोळी गुपचूप बंद करते. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, म्हणून ते दुसरं लिहून देतात. खरं कारण केस पेपरवर कधीच येत नाही.

मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये शहरातल्या १८ ते ६९ वयाच्या लोकांची पाहणी केली. त्यात ३४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला निघाला, १८ टक्के लोकांची साखर. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी २१.३ टक्क्यांचा रक्तदाब एकतर जास्त होता किंवा औषधावर होता. म्हणजे पाचातली एक. तरी बोलण्यात अजून तेच ऐकू येतं: ‘मला काही होत नाही, बीपी असतं तर डोकं दुखलं असतं.’ ‘एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही, म्हणून घेतच नाही.’ ‘जरा गरगरलं होतं, लिंबू-पाणी-मीठ घेतलं.’

रक्तदाब दुखत नाही, आणि मूत्रपिंडही दुखत नाही. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीराला परत करतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की या गाळण्यांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. पुढे रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला वाटतं शरीरातला दाबच कमी झाला, म्हणून ते दाब वाढवणारी द्रव्यं सोडतं. त्यानं दाब आणखी वाढतो, गाळण्या आणखी मरतात. निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत बाईला काहीही जाणवत नाही. पायांवर सूज, लघवीला फेस, भूक मरणं, दम लागणं हे सगळं उशिरा येतं. तोवर घरचे म्हणत असतात, वय झालं, अशक्तपणा आहे, टॉनिक घे.

बाईच्या बाबतीत यात तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्ही दुर्लक्षित आहेत.

पहिली बाळंतपणाची. गरोदरपणात बीपी वाढलं, लघवीतून प्रथिनं गेली, झटक्यांची भीती होती म्हणून लवकर प्रसूती केली, ही हकिगत कितीतरी घरांत असते. बाळ सुखरूप आलं की विषय संपतो. नॉर्वेच्या जन्मनोंदींवरून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या खेपेला असा त्रास झालेल्या बायकांना पुढे मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे पावणेपाच पट होता. एकेकीपुरता पाहिला तर तो धोका तरीही लहानच, घाबरून जाण्यासारखा नाही. पण अशा बाईचं बीपी वर्षातून एकदा तरी मोजलं गेलंच पाहिजे. ‘गरोदरपणात बीपी होतं का?’ हा प्रश्न पन्नाशीच्या बाईला विचारणारा डॉक्टर मिळाला तर तो हुशार समजावा.

दुसरी गोष्ट रक्ततपासणीच्या कागदाची. क्रिएटिनिन हे स्नायूंमधून येणारं द्रव्य. बाईचे स्नायू कमी, म्हणून तिचं क्रिएटिनिनही मुळात कमी. पण कित्येक लॅबच्या कागदावर १.२ पर्यंतचा आकडा सरसकट नॉर्मल म्हणून छापलेला असतो. आता हिशेब पाहा. साठ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर आज वापरल्या जाणाऱ्या सूत्रानं त्याची गाळण्याची क्षमता ६९च्या आसपास येते. तेच वय, तोच १.२ आकडा, पण बाई असेल तर ५२. तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहणं म्हणजे मूत्रपिंडाचा जुनाट विकार. एकाच आकड्याचे दोन कागद, त्याला आजार नाही आणि तिला आहे, आणि दोन्हींवर छापलेलं नॉर्मल. कागदावर गाळण्याच्या क्षमतेचा हा आकडा, म्हणजे ईजीएफआर, आहे का ते बघा. नसेल तर मागून घ्या, तो हिशेब मोबाइलवरही होतो.

तिसरी दुखण्याची. पाणी उचलून, पोळ्या लाटून, जिने चढून चाळिशीतच गुडघे आणि कंबर बोलू लागतात. मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या मिळतात. त्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात, शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि बीपीच्या गोळीचं काम बिघडवतात. एखाद्या दिवशी घेतली तर बिघडत नाही. रोज सकाळी चहाबरोबर घेतली तर बिघडतं. ‘ती तर साधी दुखण्याची गोळी आहे,’ म्हणून बाई ती डॉक्टरांना सांगतही नाही. मला विचाराल तर अँटॉप हिलच्या प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर ‘दुखण्याची गोळी रोज घेऊ नका’ अशी एक पाटी लावायला हवी.

गोरं होण्याच्या क्रीमचंही इथंच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मागोवा घेतला तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. बिनलेबलाची, कंपनीचा पत्ता नसलेली क्रीम चेहऱ्याला लावू नका.

आता हे बघा. लोकवस्तीत घरोघर जाऊन पाहणी केली तर जगभर मूत्रपिंडाचा जुनाट विकार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा थोडा जास्तच आढळतो: बायकांत सुमारे १४ टक्के, पुरुषांत १२. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मूत्रपिंड-विकार नोंदणीत, म्हणजे रुग्णालयापर्यंत पोचलेल्या ५२,२७३ रुग्णांत, ७० टक्के पुरुष होते. मग बाकीच्या बायका कुठं गेल्या? त्या घरीच राहिल्या. प्रत्यारोपणाकडे पाहिलं तर जीव तुटतो. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी बायकांना मिळाली ६,९४५. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र सुमारे ८० टक्के बायका, बहुतेक करून बायको किंवा आई. तिनं देणं सगळ्यांना स्वाभाविक वाटतं. तिला लागलं तर घरात हिशेब सुरू होतो. काही पुरुषांना मधुमेह, बीपी असल्यानं ते देऊ शकत नाहीत हे खरं, पण एवढी मोठी तफावत त्यानं भरून निघत नाही.

२०१८ मध्ये जागतिक मूत्रपिंड दिन आणि महिला दिन एकाच तारखेला, ८ मार्चला आले होते. त्या वर्षी बायकांच्या मूत्रपिंडांवर भाषणं झाली, पोस्टर लागली. पुढच्या वर्षी विषय बदलला.

डायलिसिस लागलं की आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास यंत्राला जोडून राहायचं. हातावर शिरांचा जोड, म्हणजे फिस्टुला करतात. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, घट्ट बांगड्या भरायच्या नाहीत, हंडा उचलायचा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च निघतो, सायन किंवा केईएम रुग्णालय अँटॉप हिलहून दूरही नाही. पण आठवड्यातले तीन दिवस तिच्याबरोबर कोण जाणार, त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. पुरुष डायलिसिसवर गेला की बायको डबा घेऊन बाहेर बाकावर बसलेली असते. बाई डायलिसिसवर असली की पुष्कळदा ती एकटीच टॅक्सी शोधत असते.

म्हणून तिथवर पोचूच नये यासाठी धडपड करायची. आता मिठाचा हिशेब.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. राष्ट्रीय पाहणीत भारतीय माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम खातो असं आढळलं, पुरुष ८.९, बाई ७.१. आता स्वतःच्या घराचं बघा. चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल, तर माणशी दिवसाला ८.३ ग्रॅम झाले. पाहणीतला आकडा तुमच्या डब्यातच सापडतो. तीच पिशवी पन्नास दिवस पुरली तर माणशी पाच ग्रॅम. यात अजून पापड, लोणचं, वडापाव, खारी, फरसाण, वाण्याकडचं शेवेचं पाकीट, सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा हे धरलेलंच नाही. पाव आणि खारी बिस्किटात मीठ आहे हे जिभेला कळतही नाही. बाहेरचं वरचेवर येत असेल तर पिशवी पन्नास दिवसांहूनही जास्त पुरायला हवी.

उपाय साधा आहे. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख लिहा. भातात आणि कणकेत मीठ घालणं बंद करा. ताटात वाढलेलं मीठ उचला. आमटी-भाजीत दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा आणि आमसूल, लिंबू, लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर यांवर चव सांभाळा. जीभ काही आठवड्यांत सरावते आणि मग जुनी आमटी खारट लागते. सैंधव मीठ बीपीला चालतं हा समज सोडा. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. नवरात्रातली साबुदाण्याची खिचडी आणि सैंधव घातलेले वेफर्स यांतून उपवास घडत असेल, पण रक्तदाब उतरत नाही. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवणं तर अजिबात नको. कमी सोडियमचं मीठ हाही एक मार्ग आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठानं पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड आधीच बिघडलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं. आधी तपासणी, मग असं मीठ. नारळपाण्याचं आणि ‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्याचंही तसंच. निरोगी माणसाला चांगलं, मूत्रपिंड थकलेल्याला डॉक्टरांना विचारूनच.

हे सगळं बायकांना सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असं मात्र मला मान्य नाही. जीवनशैली बदला असं डॉक्टर बाईला सांगतात, आणि ती बाई घरात पाच जणांच्या जिभा सांभाळत असते. मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा मुलगा असतो, ‘आज आमटी पाणचट झाली’ म्हणणारा नवरा असतो, सासरे असतात. मग ती दोन भाज्या करते किंवा स्वतःचा पथ्याचा विचार सोडून देते. बहुधा सोडून देते.

गांधीजींच्या आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतला एक प्रसंग आहे. कस्तुरबा रक्तस्रावानं आजारी होत्या. गांधीजी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगत होते. कस्तुरबांनी सुनावलं, की हे तुम्हालाही सोडवणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथं वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. कस्तुरबांना वाईट वाटलं, त्यांनी विनवलं, पण ते बधले नाहीत. मग कस्तुरबांनीही सोडलं. त्यांच्या त्या आजारावर तो उपचार बरोबर होता की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी पुरुषानं ताटातलं मीठ काढलं. पुढे खुद्द गांधीजींनाही बीपीनं गाठलं. फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांचा रक्तदाब २२०/११० नोंदला गेला होता.

व्यायामाचंही तेच. ‘दिवसभर राबते, आणखी कसला व्यायाम?’ हे ती म्हणते तेव्हा चुकीचं बोलत नाही. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. पण ओट्याशी उभं राहण्यानं किंवा जमिनीवर बसून काम करण्यानं हृदयाला व्यायाम होत नाही. त्यासाठी आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चालावं लागतं. या २८९तली तीस मिनिटं घरातल्या दुसऱ्या कुणी उचलली तर तिला चालायला जाता येईल. क्वार्टर्समधल्या बायकांना कॉलनीतले रस्ते आहेत. गल्लीतल्या बाईला सुरक्षित, उजेड असलेला रस्ता कुठं आहे, हा प्रश्न महापालिकेच्या एफ उत्तर विभागाच्या कार्यालयाला विचारायला हवा. आणि बीपीला वाईट अशी तंबाखूची मिश्री. ती सोडायला सांगणारं कुणी घरात नसतं, कारण सासूही लावत असते.

पथ्य पुरलं नाही तर गोळी घ्यायची, त्यात कमीपणा नाही. रक्तदाबाच्या औषधाच्या इतिहासात परळचं नाव मोठं आहे. तिथल्या केईएममध्ये काम करणारे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा देऊन पन्नास रुग्णांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. त्यानंतर ही वनस्पती जगाच्या औषधशास्त्रात गेली, तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे चेन्नईचे डॉ. एम. के. मणी यांनी किडनी हेल्प ट्रस्टच्या कामात गावागावांत तेच स्वस्त रेसरपिन आणि इतर जुनी औषधं वापरली. त्यांनी गावातल्याच शिकलेल्या मुलींना बीपी मोजायला आणि लघवीतली प्रथिनं व साखर तपासायला शिकवलं. मोठं यंत्र नाही, मोठं रुग्णालय नाही. महाराष्ट्रातही भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाला तेव्हा तत्त्व हेच होतं: ठरलेली मोजकी औषधं, जवळच्या केंद्रात, न चुकता. आज औषधं बदलली, अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन आली, आणि तीही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एक सावधगिरी: टेल्मिसार्टन आणि तिच्या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. तरुण बाईनं दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

महापालिकेनं २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू केले ते यासाठी उपयोगी आहेत, कारण ते संध्याकाळीही उघडे असतात. घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सेविका तीस वर्षांवरच्यांचं बीपी मोजतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. मोजताना घाई होऊ देऊ नका: पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, लघवी करून यायचं, दंड मोकळा, हात छातीच्या उंचीवर, दोनदा मोजायचं. ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून घेतलेलं बीपी धरू नका. १४०/९० वर पुन्हापुन्हा येत असेल तर उपचार लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर १३०/८०च्या खाली आणायचा प्रयत्न करतात.

हा दिवाळी अंक घरात आला असेल तेव्हा चकल्या, चिवडा, शेव डब्यांत भरलेली असतील. ते खाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचं बीपी मोजून घ्या: आई, सासू, बायको, वहिनी आणि तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी, सगळ्यांचं. ज्यांचं बीपी जास्त आहे, ज्यांना साखर आहे किंवा बाळंतपणात बीपी होतं, त्यांची लघवीतली अल्ब्युमिनची आणि रक्तातली क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या, आणि कागदावर ईजीएफआर लिहून मागा. त्या दिवशी तिच्याबरोबर घरातल्या पुरुषानं जावं, रांगेत उभं राहावं आणि केस पेपर सांभाळून ठेवावा.